माथेरानची तयारी

"भाबी, बाह्या जरा लांब ठेवा. तिथं संध्याकाळी हात गारठतात म्हणे," असं म्हणत जहाँआरानं तांबड्या लोकरी कापडाची घडी बिबिजानच्या मांडीवर ठेवली.

बिबिजाननं कापड उलटंसुलटं करून पाहिलं. पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानातून आणलेलं. मऊ आणि चांगलं जाड. असलं कापड जुन्नरच्या बाजारात बघायलाही मिळत नसे.

"ह्ये तुज्या अमिरूचं?" तिनं विचारलं.

"हो. आणि हे निळं माझं. यांचा कोट पुण्यालाच शिवायला टाकलाय."

"आन् बाकीच्यांचं?"

"बाकीचे कोण?" जहाँआरानं अगदी सहज विचारलं, आणि सुईत दोरा ओवता ओवता वर पाहिलं.

बिबिजाननं कात्री उचलली. "न्हाई, म्हटलं कापड लई दिसतंय," ती म्हणाली आणि कापायला बसली.

त्या क्षणापर्यंत तिची पक्की समजूत होती की आपणही माथेरानला जाणार आहोत.

समजूत व्हायला कारणही होतं. पावसाळा सरल्यावर बिबिजानचा दीर, जहाँआराचा नवरा राजमहंमद हिरड्याच्या व्यवहारासाठी मुंबईला गेला होता. तिथल्या शेठचा माथेरानला बंगला होता. आता नेरळवरून डोंगर चढणारी छोटी आगगाडी सुरू झाली होती आणि मुंबईचे सारे बडे लोक हवा खायला तिकडं जात होते. शेठ खुशीत होता. "दिवाळीनंतर मंडळींना घेऊन या, बंगला तुमचाच समजा," असं तो म्हणाला. घरी आल्यावर राजमहंमदनं जेवताना सगळ्यांसमोर हेच सांगितलं. "मंडळींना घेऊन या म्हनला शेठ."

मंडळी म्हणजे घरातली माणसं, असं बिबिजाननं ऐकलं. मंडळी म्हणजे बायको, असं जहाँआरानं ऐकलं. राजमहंमदच्या मनात काय होतं ते त्याला कुणी विचारलं नाही.

बिबिजान या घरात सून म्हणून आली तेव्हा राजमहंमद दुधावरचं पोर होता. सासू त्याच्याच बाळंतपणात गेली होती. बिबिजान स्वतः अजून परकरी पोर होती. शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवून तिनं त्याला पाजलं, कमरेवर घेऊन पाणी भरलं, गोवरात रात्रंदिवस उशाशी बसली. पुढं तिला दोनदा दिवस राहिले; मूल हाती लागलं नाही. लोक हळहळत. तिला मात्र फार काळ रडायला फुरसत मिळाली नाही. राजू होता.

आणि राजू हुशार निघाला. घाटाकडच्या गावांतून हिरडा गोळा करून तो मुंबईला धाडायला लागला. तिथं कातडी कमावायला हिरडा लागे. काही वर्षांत घराला लागून वखार उभी राहिली. थोरला भाऊ वली त्या वखारीत काटा सांभाळी, पोती शिवी, कुलपाची किल्ली कमरेला लावून हिंडे. धाकट्याच्या हाताखाली राबण्यात वलीला काही कमीपणा वाटत नव्हता. वाटायचा तो बिबिजानला. पण तोही सोसला असता. जहाँआरा घरात आली आणि राजू बिबिजानला 'तुमी' म्हणायला लागला, ते मात्र तिला सोसलं नाही. आयुष्यभर 'भाबी, तू जेवलीस का' म्हणणारं पोर लग्नानंतर महिन्याभरात 'भाबी, तुमी जेवला का' विचारायला लागलं. जहाँआरा पुण्याची. तिच्या माहेरी वडीलधाऱ्यांना तू म्हणत नसत. त्यात तिचं काय चुकलं, हे बिबिजानला कुणाला सांगता आलं नसतं. पण ते 'तुमी' दर वेळी तिच्या कानात खुपत राही.

तयारी सुरू झाली तशी घरात दुसरा विषयच उरला नाही. जहाँआरा दुपारी पडवीत बसायची आणि शेजारपाजारच्या बाया गोळा व्हायच्या. पलीकडच्या घरची सारजाबाई तर रोजच.

"येवढाल्या डोंगरावर गाडी चढती म्हंजी कशी वं?" सारजाबाई विचारी.

"वळसे घेत घेत चढते. इतकी हळू की माणसं उतरून फुलं तोडतात आणि पुन्हा चढून बसतात." जहाँआरा स्वतः अजून गेली नव्हती, पण पाहून आल्यासारखं सांगे. "तिथं बैलगाडी नाही, टांगा नाही. घोड्यावर नाहीतर माणसं ओढतात त्या रिक्षात बसायचं. बायकासुद्धा फिरायला जातात. एका टोकावर उभं राहिलं की खालची गावं मुंगीएवढी दिसतात."

"पडदा?"

"बुरखा असतोच की. पण वाऱ्याला कोण अडवणार?" आणि जहाँआरा हसे.

ते हसणं ऐकलं की बिबिजानच्या हातातली सुई बोटात शिरे. वारा. बिबिजानच्या आयुष्यात वारा परसातल्या दारातून यायचा, तोही चुलीचा धूर डोळ्यांत घालायला. शिवनेरी रोज दिसे, पण तिनं कधी त्याची पायरी चढली नव्हती. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. जहाँआराला जे मिळणार ते आपल्याला मिळालेलं नाही, एवढं कळलं की त्या गोष्टीची चव तोंडात आल्याशिवाय राहत नाही, तसं तिचं झालं.

"तिथं माकडं लई हैत म्हनं," एकदा ती न राहवून बोलली. "बारकी पोरं उचलून न्हेत्यात."

सारजाबाईनं तोंडाला पदर लावला. जहाँआरानं अमिरूला जवळ ओढलं आणि गोड आवाजात म्हणाली, "भाबी, पोरीसमोर असं बोलू नका."

दुसऱ्या दिवशी बिबिजान म्हणाली, "ती गाडी मागच्या सालाला दरीत गेली व्हती न्हवं?" गाडी कुठंच गेली नव्हती. राजमहंमदनं पानावरून मान वर करून तिच्याकडं पाहिलं, आणि भाकरी मोडली.

रात्री वली म्हणाला, "कशापाई जळतीस? जाऊ दे की त्यास्नी. पोरगी खुळावलीया."

"मी कुटं जळतीया?"

"मला दिसतंय."

"तुमाला यवढं दिसतंय, आन् तुमच्या सख्ख्या भावानं तुमाला चल म्हटलं न्हाई ते न्हाई दिसलं?"

"मी तितं जाऊन काय करू? मला डोंगर चढला की धाप लागती," तो म्हणाला आणि कूस बदलली. त्याच्या या समाधानी स्वभावाचा तिला त्या घडीला जहाँआरापेक्षाही जास्त राग आला.

मग तिनं एक वाईट गोष्ट केली. निघायचा दिवस ठरला, वखारीचा माल वाहणाऱ्या कुशाबाला बैलांची धमणी घेऊन यायला सांगितलं गेलं, तेव्हा तिनं राजमहंमदला चुलीपाशी गाठून हळूच सांगितलं, "बाबांच्या अंगात ताप हाय. सांजच्याला थंडी वाजून आली. येवढ्यात जाताय व्हय?"

बाबा म्हणजे सासरे. ऐकायला कमी येणारे, पडवीत बाजेवर जपमाळ ओढत बसणारे. राजमहंमद घाबरला. हातचं काम टाकून बापाजवळ गेला, कपाळाला हात लावला.

"काय झालं रं?" म्हातारा ओरडला.

"बाबा, ताप हाय तुमाला?"

"मला? मला काय धाड भरलीया? कोन म्हनलं?"

दारात जहाँआरा उभी होती. तिनं बिबिजानकडं पाहिलं, नुसतं पाहिलं. बिबिजान चुलीत फुंकर घालत राहिली. निखारा केव्हाच पेटला होता.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, जहाँआरानं वखारीतली जुनी पत्र्याची पेटी आणायला सांगितली. नोकराणीला सांगावं तसं सांगितलं, असं बिबिजानला वाटलं. खरं तर तसं काही नव्हतं. जहाँआरा कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिचे हात गुंतले होते. बिबिजान उठून गेली.

वखारीत हिरड्याचा तुरट वास कोंडून राहिलेला असे. ती पोत्यांच्या थप्पीमागं वळली आणि थबकली. समोर, उघड्यावर, एक उंदीर होता. तो पळाला नाही. तिच्या पावलांची त्याला दखलच नव्हती. दारू प्यालेल्या माणसासारखा तो एका जागी गोल गोल फिरला, कुशीवर पडला, पाय झाडले आणि निपचित झाला.

त्या काळात त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. उंदीर पडला की घर सोडायचं. गाठीच्या तापानं गेल्या काही वर्षांत दोनदा जुन्नर रिकामं केलं होतं आणि लोक गावाबाहेर झोपड्या घालून राहिले होते.

बिबिजान पेटीला टेकून उभी राहिली. तिच्या मनात पहिलं जे आलं ते भय नव्हतं. 'आता कशी जातीस बघू,' असं तिच्या मनात आलं. अगदी स्पष्ट, आणि त्याच्याबरोबर छातीत काहीतरी हलकं हलकं झालं. प्लेग लागलेल्या घरची माणसं कोण बंगल्यात घेणार होतं? स्टेशनावरच डाक्टर अडवणार.

मग भय आलं. ती धावत पुढच्या बाजूला गेली.

"अहो! राजू! चला आधी. वखारीत उंदीर पडलाय."

दोघे भाऊ आले. मागोमाग जहाँआरा आली. बिबिजाननं थप्पीमागं बोट दाखवलं. तिथं काही नव्हतं. जमिनीवर हिरड्याची चार फळं सांडली होती, बस्स. वखारीत मांजरं होतीच. त्यातल्याच एखाद्यानं नेला असणार. पण नेताना कुणी पाहिलं नव्हतं.

"हितंच व्हता," ती म्हणाली. "गोल गोल फिरला आन् पडला. माज्या डोळ्यांदेखत."

वलीनं दोन पोती सरकवून पाहिली. राजमहंमद मान खाली घालून उभा होता.

"आधी बाबांना ताप," जहाँआरा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "आता उंदीर. उद्या काय सापडणार आहे, भाबी?"

"मी खोटं बोलत न्हाई."

"परवा खरं बोलला होता?"

बिबिजाननं राजूकडं पाहिलं. तो काहीतरी बोलेल, बायकोला गप्प करेल, असं तिला अजूनही वाटत होतं. तो बोलला. "भाबी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "तुमाला यायचं व्हतं तर सरळ म्हनायचं व्हतं."

"मला कशाला यायचंय तितं? माकडं बगायला?" ती म्हणाली. "राजू, खोटं बोलत आसंन तर अल्ला मला बगून घेईल. पोरीला तरी घेऊन भाईर पडा, माथेरान न्हाई तर कुशाबाच्या मळ्यात."

"माथेरानलाच पडतोय की बाहेर," जहाँआरा म्हणाली आणि पेटी स्वतः उचलून घेऊन गेली.

वली मागं राहिला. वखारीचं दार लावताना त्यानं हळूच विचारलं, "खरंच बगितलास का गं?"

जहाँआरानं विचारलं ते तिला लागलं नव्हतं एवढं हे लागलं. "तुमीपन?" एवढंच तिच्या तोंडून आलं.

जायचा दिवस ठरल्याप्रमाणेच आला. कुशाबा पहाटे धमणी घेऊन दारात हजर झाला. बैलांच्या गळ्यात घुंगरं बांधली होती. पहिला मुक्काम मंचरला, मग खेड, मग तळेगावला आगगाडी. राजमहंमदच्या अंगावर पुण्याहून आलेला नवा कोट होता आणि त्यात तो कुणीतरी परका शेठ दिसत होता. अमिरूनं बिबिजाननं शिवलेली तांबडी बंडी आत्ताच चढवली होती, घामाघूम झाली तरी काढू देत नव्हती.

"बडीअम्मा, तू का न्हाई येत?" ती म्हणाली.

"बाबांना कोन बगंल?" बिबिजाननं तिच्या बंडीचं बंद नीट बांधलं. रात्रभर जागून केलेल्या गोड पुऱ्यांचं गाठोडं तिच्या हातात दिलं. पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या. वाईट करायचं मनात आलं होतं, पण हाताला ते जमलं नाही.

राजमहंमदनं वाकून सलाम केला. "जपून ऱ्हावा, भाबी." धमणी निघाली. घुंगरांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत होता. तो थांबेपर्यंत ती दारात उभी राहिली आणि मग आत येऊन तिनं बाबांच्या कपड्यांचं बोचकं बांधायला घेतलं.

"ह्ये काय?" वलीनं विचारलं.

"मी मळ्यात जातीया. बाबांना घेऊन. लोकं हसू द्यात. तुमीबी चला."

"वखार कुनावर टाकू? राजूनं माज्या जिवावर ठेवलीया."

"राजूची वखार. राजूचा हिरडा. आन् जीव तेवढा तुमचा."

"आसं नगं बोलू," वली म्हणाला. "तुमी दोघं व्हा म्होरं. मी दिवसा हितं बसंन, जेवायला मळ्यात यीन. मग तर झालं?"

कुशाबाचा मळा कुकडीच्या काठाला, गावापासून हाकेच्या दोन-चार टप्प्यांवर. त्याच्या बायकोनं गोठ्याशेजारची झोपडी झाडून दिली. पहिले काही दिवस येणारे-जाणारे विचारत, "काय बिबिजान, घर सोडून हितं?" आणि सारजाबाई तर मुद्दाम येऊन म्हणाली, "जाऊबाईनं माथेरान केलं, म्हनून तुमी कुकडी केली व्हय?" बिबिजान आत धुमसत होती. या वेळी ते गाडीत बसले असतील. या वेळी डोंगर चढत असतील. या वेळी जहाँआरा त्या टोकावर उभी असेल आणि राजू तिला खालची गावं दाखवत असेल. ती भाकरी थापायची आणि मनानं त्या बंगल्याच्या खोल्या झाडून काढायची.

मग एका सकाळी गावात दवंडी पिटली. खालच्या आळीत उंदीर पडले होते, आणि एका घरात माणूस. दोन दिवसांत रस्ता बोचक्यांनी, गाड्यांनी, रडणाऱ्या पोरांनी भरून गेला. सारजाबाईनं बिबिजानच्या झोपडीपलीकडंच आपली झोपडी घातली. ती मान वर करून बघत नव्हती.

बिबिजानला वाटलं होतं, आपलं खरं ठरलं की बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिला फक्त वलीची वाट बघायची होती.

तो त्या दिवशी दुपारीच आला. रोजच्यासारखा बांधावरून न येता लांबून, चिंचेखालून आला आणि तिथंच बसला. ती उठून निघाली तसा त्यानं हात वर केला.

"जवळ यिऊ नगं."

ती थांबली नाही. जवळ जाऊन तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. हात भाजला. काखेत गाठ आली होती.

"वखारीत बगितले मी," तो म्हणाला. "पोत्यांमागं. लई पडल्यात. तुजं खरं व्हतं."

"गप बसा."

"मी त्या दिवशी तुला इचारायला नगं व्हतं."

"गप बसा म्हनते ना," ती म्हणाली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

बाबांना तिनं कुशाबाच्या घरात ठेवलं आणि झोपडीत कुणाला येऊ दिलं नाही. ती ओल्या फडक्याच्या घड्या घालत राहिली. वली मधूनच पोती मोजल्यासारखं पुटपुटे, मधूनच राजूला हाक मारी. एकदा त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "पोचली असतील का गं?"

"पोचली. कवाच पोचली."

"बरं झालं गेली ती," वली म्हणाला. "हितं असती तर?"

तिनं फडकं बदललं. ती तो विचार किती तरी वेळ मनात येऊ देत नव्हती. उंदरावर विश्वास बसून राजू थांबला असता, तर त्या वखारीच्या राखणीला वलीच्या जागी तोच बसला असता. किंवा दोघंही. कोण वाचलं असतं आणि कोण गेलं असतं, याचा हिशेब लागत नव्हता.

वली तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी मशिदीतले दोघे म्हातारे, मोहल्ल्यातला एक तांबोळी आणि कुशाबा असे चौघे उभे राहिले. कुशाबाची बायको त्याला अडवत होती. तो म्हणाला, "जल्मभर माझ्या गाडीत पोती चढवली त्यानं. आज मी त्याला उचलतो." बिबिजान झोपडीच्या दारात बसून राहिली. बांगड्या तिनं आपणच दगडावर फोडल्या.

निरोप गेला, राजमहंमद आला, पण तोवर माती जुनी झाली होती. जहाँआरा आणि अमिरू त्याच्याबरोबरच होत्या. तो झोपडीपाशी आला आणि लहानपणी पडून आल्यावर यायचा तसा सरळ बिबिजानच्या पायांशी बसला.

"भाबी, तू सांगितलं व्हतंस," तो म्हणाला. "तू सांगितलं व्हतंस."

किती तरी वर्षांनी त्यानं तिला तू म्हटलं होतं. तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला.

झोपड्या शेजारी शेजारी घातल्या गेल्या. बिबिजान इद्दतीत होती, नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिने दहा दिवसांत. बाहेर पडत नव्हती. कुडाच्या भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू येई. राजूचं खोकणं. जहाँआराच्या बांगड्या. 'पानी देतीस का' असं त्याचं हळूच म्हणणं. दुःख एवढं मोठं असताना हेही मनात शिरायला जागा कशी उरते, याचं तिला नवल वाटे. पण शिरत होतं. पूर्वी ती जहाँआराचा डोंगरावरचा वारा बघून जळली होती. आता जहाँआरा नवऱ्याला पाणी देते, तेवढ्यानंही ती जळत होती.

एक दिवस जहाँआरा आत येऊन बसली. ती वाळली होती. बराच वेळ ती गोधडीचा दोरा उसवत राहिली.

"भाबी, तुम्हाला नेऊ या असं हे म्हणाले होते," ती एकदम म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मीच नको म्हटलं. तुम्हाला गाडी लागते, बाबांना कोण बघणार, असं सांगितलं."

बिबिजाननं मान वर केली.

"या घरात आले त्या दिवसापासून ऐकतेय. भाबीच्या हातची भाकरी, भाबी अशी करते, भाबीनं असं वाढवलं. ताटाला हात लावला की आधी तुमचं नाव." जहाँआराच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज सरळ होता. "मला वाटलं, आठ दिवस तरी हे माझे एकटीचे असावेत."

"मंग?" बिबिजाननं विचारलं. "झाले का?"

जहाँआरानं नाही म्हणून मान हलवली. "पहिल्या दिवशी त्या टोकावर नेलं. ऊन उतरत होतं. मी म्हटलं, किती छान आहे नाही? तर हे म्हणाले, भाबीला आणायला पाहिजे होतं."

बिबिजाननं तोंड फिरवलं. तिच्या मनात जे उमटलं ते तिला जहाँआराला दिसू द्यायचं नव्हतं. ते सुख होतं. वली मातीत होता, हातांत बांगड्या नव्हत्या, आणि तरी ते होतं. उंदीर पडताना छातीत हलकं झालं होतं, तेही तिला आठवलं. ते सांगून टाकावं असं क्षणभर ओठांवर आलं.

"रडू नगं," ती म्हणाली. "अमिरू बगतीया." आणि तिनं उसवलेली गोधडी जहाँआराच्या हातातून काढून घेतली.

गावाला परत जायची मोकळीक मिळाली तेव्हा उन्हाळा लागला होता. इद्दत सरली होती. वखार आणि घर धुऊन, चुन्यानं पांढरं करून ठेवलं होतं, आणि आत ऊन यावं म्हणून छपरावरची कौलं उतरवून परसात रचली होती. बिबिजान उंबऱ्याच्या आत आली आणि उभी राहिली. तिच्या खोलीत, जिथं वलीचं अंथरूण असायचं, तिथं लख्ख ऊन पडलं होतं. इतक्या वर्षांत तिथल्या जमिनीचा रंग कसा आहे ते तिनं उजेडात कधी पाहिलं नव्हतं. पिवळसर माती होती. कोपऱ्यात तिनंच कधीतरी सारवताना उठवलेली बोटं दिसत होती.

राजमहंमद कोट काढून छपरावर चढला. खाली जहाँआरा शिडीशी उभी राहिली. बिबिजान परसातून कौल उचलून तिच्या हातात देई, जहाँआरा वर देई, आणि राजमहंमद ते बसवी. स्वयंपाकघर झाकलं, पडवी झाकली. मग तो बिबिजानच्या खोलीवर आला आणि एकेक ओळ लावत गेला. जमिनीवरचं ऊन आक्रसत आक्रसत भिंतीपाशी गेलं. शेवटी हातरुमालाएवढं उरलं.

"भाबी, आन कौल," तो वरून म्हणाला.

बिबिजाननं कौल उचललं होतं. ते तिनं पोटाशी धरलं आणि दारातून आत पाहत राहिली.

जहाँआरा तिच्यापुढं हात पसरून उभी होती. तिनं घाई केली नाही. वरून राजमहंमदनंही पुन्हा हाक मारली नाही.

थोड्या वेळानं बिबिजाननं पदरानं कौलावरची धूळ पुसली आणि ते जहाँआराच्या हातात दिलं.